कुंदनताई

पनवेलच्या उरण नाक्यावर 'प्रभा ताडपत्री' हे दुकान पन्नास वर्षं उभं आहे, आणि या पन्नास वर्षांत त्या दुकानात प्रभा नावाचं माणूस कधीच नव्हतं. दुकान काढलं ते प्रभाकररावांनी. पाटी रंगवायला पेंटर बसला आणि त्याने पहिली दोन अक्षरं अशी ऐसपैस काढली की निम्मा पत्रा तिथेच संपला. मग तो ब्रश हातात धरून विचारता झाला, "शेट, 'कर' गाळू की 'ताडपत्री' गाळू?" प्रभाकरराव म्हणाले, "'कर' गाळ बाबा. ताडपत्री विकायची आहे, मला नाही विकायचं."

दुकानाच्या दर्शनी भागात शिलाईच्या मोठ्या मशिनवर बसायच्या त्यांच्या बायको, शशिकलाबाई. पाटीवर 'प्रभा' आणि मशिनवर एक बाई, तेव्हा ट्रक ड्रायव्हरांनी काय समजायचं ते समजून घेतलं. "प्रभाताई, दोन रिंगा निघाल्यात." "प्रभाताई, दोरी बदला." पहिलं वर्षभर शशिकलाबाईंनी "माझं नाव शशिकला" असं सांगून पाहिलं. पुढे त्यांनी नाद सोडला. प्रभाकरराव जाऊन आता अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या नावाचा अर्धा तुकडा रोज चार माणसं आपल्याला हाक मारताना उच्चारतात, याचं त्यांना मनातून बरंच वाटे.

तेव्हाचं पनवेल वेगळं होतं. उरण नाक्यावर टांगे उभे असत, आणि न्हावा शेवा म्हटलं की बंदर नव्हे, मिठागरं आणि मासळी डोळ्यांपुढे येई. मग बंदर आलं, कंटेनर आले, मुंबईचा लोखंड बाजार उठून कळंबोलीला आला, आणि ताडपत्रीला बरे दिवस आले. मुलगा सत्यजीत दुकान बघू लागला. त्याची मुलगी इरा खारघरच्या कॉलेजात शिकायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी तिने दुकानाची वेबसाइट करायला घेतली.

"आजी, 'आमच्याविषयी' म्हणून एक पान असतं. त्यावर दुकानाची माहिती टाकायची. चार ओळी सांग."

शशिकलाबाईंनी रेघांची वही घेतली आणि चार दुपारी बसून सहा पानं लिहिली. सत्यजीत म्हणाला, "आई, गिऱ्हाईक ताडपत्रीची लांबी-रुंदी बघतं. हे कोण वाचणार?"

"वाचणारा वाचेल," त्या म्हणाल्या. "न वाचणाऱ्याची लांबी-रुंदी तू बघ."

इराने कानामात्रा न बदलता सगळं तसंच्या तसं टाकलं. मशिनचा फोटो घातला, त्यात आजीचा हात आणि हातातल्या नेहमीच्या बांगड्या. साइट छान झाली. गिऱ्हाइकं फोनवरूनच मापं पाठवू लागली.

हे झालं दोन वर्षांपूर्वी. यंदाच्या एप्रिलमध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, एका सकाळी उरणहून धर्मराज कोळ्याचा फोन आला. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर ताडपत्र्या घालतात. त्यांच्या गावच्या सगळ्या होड्यांना वीस-बावीस वर्षं 'प्रभा'चीच ताडपत्री जात होती.

"वैनी, बऱ्या हाव ना?"

"बरी आहे की. कधी येताय मापं घेऊन?"

धर्मराज जरा घुटमळला. "मापं तं आमी दिली. कलंबोलीला."

"कळंबोलीला? का हो?"

"मंग? तुमी दुकान इकला ना? भाच्यानी मोबाइलवर दावला. फोटो तुमचा, मशिन तुमची, हातान बांगऱ्या पन तुमच्याच. खाली नाव कुंदन. मी बोललो, वैनीनी दुकान इकला आन आमाला सांगला पन नाय!"

"मी काही विकलेलं नाही, धर्मराज. मी इथेच बसले आहे. तुमच्याशी बोलते आहे ती मशिनवरूनच."

"अरे देवा," धर्मराज म्हणाला. "आता कुंदनला आगावू पैसं देऊन चुकलो ना मी."

संध्याकाळी इराने शोधून काढलं. 'कुंदन ताडपत्री, कळंबोली.' तोच निळा रंग, तीच मांडणी, तेच फोटो. फक्त नाव आणि फोन नंबर वेगळा. इराच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "अख्खी साइट उचलली आहे! मी नोटीस पाठवते. आपली साइट दोन वर्षं जुनी आहे, त्यांची दोन महिन्यांची. तारखा आहेत माझ्याकडे."

"जाऊ दे," सत्यजीत म्हणाला. "नोटिशीचं उत्तर येईपर्यंत पावसाळा सरेल. त्यापेक्षा आपण दर थोडे उतरवू."

पण प्रकरण दरांनी मिटणारं नव्हतं. त्याच आठवड्यात आणखी दोघांनी विचारलं, दुकान विकलंत का. पळस्प्याचा एक जुना ट्रकवाला नाक्यावरून जाताना सहज डोकावला, तर शशिकलाबाईंना मशिनवर पाहून दचकलाच. "ताई, तुम्ही आहात?"

"आहे की."

"नाही, म्हणजे... दुकान दुसऱ्याकडे गेलं असं कानावर आलं. मला वाटलं..." त्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. नको असताना दहा मीटर दोरी घेऊन तो निघून गेला.

शशिकलाबाई हसल्या खऱ्या, पण रात्री जेवताना त्यांच्या मनात हिशेब चालू होता. ताडपत्रीचा धंदा सहा आठवड्यांचा. या सहा आठवड्यांत 'प्रभा बंद झालं' असं उरणपासून पळस्प्यापर्यंत पसरलं, तर माणसं एकदा दुसरी वाट धरतात आणि मग तीच त्यांची वाट होते. आणि ते 'आमच्याविषयी'चं पान? त्यात प्रभाकररावांच्या सायकलवर बांधलेला कॅनव्हासचा तागा होता, नव्या नवरीच्या हाताला पडलेले घट्टे होते. ते सगळं आता एका परक्या माणसाचं झालं होतं.

"मला ते दोन्ही कागदावर काढून दे," त्या इराला म्हणाल्या. "आपलं आणि त्याचं. स्क्रीनवर माझं चित्त लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून, हातात पेन्सिल घेऊन बसल्या. लहानपणी शाळेत शुद्धलेखन तपासायला बसत तशा. इरा आत भाजी निवडत होती. थोड्या वेळाने तिला बाहेरून एक विचित्र आवाज आला. ती परात हातात घेऊनच धावत आली, तर आजी पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी! काय झालं? रडू नको ना."

"रडत नाही गं," शशिकलाबाईंना बोलता येईना. त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली. "हे वाच. मोठ्याने वाच."

इराने वाचलं. "'माझे यजमान कुंदनकर...'" ती थांबली. "कुंदनकर?"

"पुढे वाच."

"'माझे यजमान कुंदनकर हे कुंदनदेवीच्या एका गिरणीत कॅनव्हास खात्यात कामाला होते.' कुंदनदेवी! अगं, प्रभादेवी!" इरा खाली बसली. "त्याने सगळीकडचं 'प्रभा' काढून 'कुंदन' टाक असा एकच हुकूम दिला आहे. कॉम्प्युटरला काय, जिथे 'प्रभा' दिसलं तिथे त्याने कुंदन चिकटवला. 'रोज कुंदनतकाळी ते सायकलवरून...' कुंदनतकाळी! आजी, 'पावसावर कुंदनवी उपाय' आहे इथे!"

"आणि मुख्य म्हणजे पहिलं वाक्य बघ. ते तर त्याने बदललंच नाही."

इराने पहिलं वाक्य वाचलं आणि भाजीची परात लवंडली.

हसून झाल्यावर इरा म्हणाली, "मी आत्ताच हे सगळीकडे टाकते. उद्या सकाळपर्यंत अख्खा रायगड जिल्हा हसेल त्याला."

"थांब," शशिकलाबाई म्हणाल्या. "आधी त्याच्या तोंडून ऐकू दे. कोण आहे हा, काय वयाचा आहे, बघू तरी."

सकाळी दोघी रिक्षाने कळंबोलीला गेल्या. लोखंड बाजारात पत्र्याची भेंडोळी लादलेले ट्रेलर एकाच्या मागे एक उभे होते. 'कुंदन ताडपत्री' त्यांच्या गर्दीतच सापडलं. दुकान नवं, काचेचं. आत पस्तिशीचा एक हसरा, पिळदार मिशांचा माणूस गल्ल्यावर होता. दोन ड्रायव्हर मापं सांगत होते. कोपऱ्यात एक म्हातारी मांडीवर ताडपत्री घेऊन ठिगळ लावत बसली होती. सुई खालून वर, वरून खाली, डोळे मात्र रस्त्यावर.

"या, काकू. काय हवं?"

"मला एवढं वाचून दे रे," शशिकलाबाईंनी पिशवीतून कागद काढला. "चष्मा घरी राहिला." चष्मा त्याच पिशवीत होता. इराने मान दुसरीकडे वळवली.

कुंदनने कागद घेतला आणि त्याचा चेहरा फुलला. "अहो, ही तर आमचीच साइट! बघा, काकू छापून घेऊन आल्यात." हे त्याने ड्रायव्हरांना ऐकवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'आमच्याविषयी. मी चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन पनवेलला आले...'"

तो थबकला.

"पुढे?" एक ड्रायव्हर म्हणाला.

"काहीतरी टायपिंगचं..." कुंदनने घसा खाकरला. "'तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. माझे यजमान कुंदनकर...'"

कोपऱ्यातली सुई थांबली. "कोण आलं रं नांदायला?" म्हातारीने विचारलं.

"कुणी नाही, आई."

"न्हाई कसं? तूच म्हनलास न्हवं, मी आले. चौऱ्याहत्तरला तुजा बा बी नव्हता हितं, आन् तू लगीन करून बसलास?"

ड्रायव्हरांनी माप घ्यायची टेप खाली ठेवली. "वाच, शेट, वाच," दुसरा म्हणाला. "लग्नाचं वाच."

कुंदन लाल झाला, पण सुटका नव्हती. आता तो हळू वाचत होता, गरम दुधात बोट घालून बघावं तसा. "'सुरुवातीला साडीचा पदर मशिनमध्ये अडके. सासूबाई म्हणत, हिला स्वयंपाक येत नाही पण ताडपत्री शिवता येते. माझं नाव शशिकला, पण गिऱ्हाइकं मला...'" त्याने कागदावरून डोळे वर केले.

"काय म्हणतात गिऱ्हाइकं?" शशिकलाबाईंनी अगदी भोळेपणाने विचारलं.

"'...कुंदनताईच म्हणतात.'"

मग त्या दुकानात जे हसू उसळलं त्याने रस्त्यावरची दोन माणसं आत आली. ड्रायव्हर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. म्हातारी तर सुई बोटात टोचली तरी हसत होती. "अगं बया! माजी कुंदनताई! पदर सांभाळ गं, मशिनीत अडकंल!"

कुंदनच्या मिशा खाली आल्या. पण माणूस दिलदार असावा, कारण शेवटी तोही हसू लागला. "काकू, तुम्ही कोण?"

"तू वाचलीस ना, ती मी. चौऱ्याहत्तर साली आलेली."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "परभाताई? काशिराम हमालाची भीमा मी. तुमच्या पायरीवर बसायची, ती."

"भीमाबाई!" शशिकलाबाई तिथेच, तिच्या शेजारी ताडपत्रीवर बसल्या. तीस वर्षांत दोघींची गाठ पडली नव्हती. हात हातात घेऊन दोघी एकमेकींचे घट्टे बघू लागल्या.

इकडे इरा कुंदनला धारेवर धरत होती. "ही चोरी आहे, कळतंय ना तुम्हाला? आमची गिऱ्हाइकं समजताहेत आजीने दुकान विकलं."

"देवाशपथ, ताई, मी खारघरच्या एका पोराला सांगितलं, प्रभासारखी साइट कर. त्याने सारखी म्हणजे अगदी सारखीच केली."

"आणि तुम्ही एकदाही वाचली नाहीत?"

"फोन नंबर वाचला की. तो बरोबर होता."

तेवढ्यात एका ड्रायव्हरने गल्ल्यावरचा कागद उचलून उरलेलं वाचायला घेतलं होतं. "'आमच्या ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना दुहेरी कापड असतं. ही आमची खासियत, दुसरीकडे मिळणार नाही.'"

"हे मातुर खरं हाय," भीमाबाई म्हणाली. "हे आमचंच हाय."

इरा फणकारून वळली. "तेही आमच्याच साइटवरून घेतलं आहे, आजी. सांग ना त्यांना." पण आजी भीमाबाईच्या मांडीवरच्या ताडपत्रीच्या कोपऱ्याकडे बघत होती.

शशिकलाबाईंची स्मरणशक्ती फार मोठी. पन्नास वर्षांपूर्वीच्या दोरीचा रंग त्या सांगतील. पण ही एक गोष्ट त्यांच्या स्मरणाने सोयीस्कर कोपऱ्यात ठेवली होती, आणि ती आता सगळ्या रंगासकट बाहेर आली. काशिराम पाटणहून आलेला, लोखंड बाजारात हमाली करायचा. कुणा ट्रकवाल्याने टाकून दिलेली फाटकी ताडपत्री तो झोपडीवर घालायला म्हणून घेऊन आला आणि दुरुस्तीला 'प्रभा'त आणली. प्रभाकरराव म्हणाले, हिच्यात काही जीव नाही. तेव्हा काशिरामची बायको पायरीवर बसली, मशिनवरचा हात दोन तास बघत राहिली, मग दाभण मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सात ठिगळं लावली. पुढे कळंबोलीचे ड्रायव्हर तिच्याकडे ताडपत्र्या शिवायला देऊ लागले. एकदा दोरा न्यायला आली तेव्हा सहज म्हणाली, "परभाताई, लोखंडाचा पत्रा कोपऱ्यातच कापतो बगा. मी फाटायच्या आदीच तितं दुसरं कापड घालती." त्या आठवड्यापासून 'प्रभा'च्या ताडपत्रीला दुहेरी कोपरे आले. आणि पुढे कधीतरी ते 'आमची खासियत' झाले.

"खरं आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "ते हिचंच आहे. आम्ही हिच्याकडून उचललं."

भीमाबाई मात्र हात उडवून म्हणाली, "उचललं तर उचललं. कोपरा काय माज्या आज्ज्याचा हाय?"

चहा आला. कुंदनने साइट तिथल्या तिथे बंद करायला लावली; त्या खारघरच्या मुलाला फोनवर चार शब्द सुनावले, धर्मराजला फोन करून आगाऊ घेतलेली रक्कम परत पाठवतो म्हणाला. मग गल्ल्यावर कोपर टेकून बसला. "पण काकू, मी तिथे लिहू काय? तुमचं वाचून माणसाचा विश्वास बसतो. आमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे? बाप हमाल. आई ठिगळं लावायची."

"लावायची न्हाई," भीमाबाई ताडकन म्हणाली. "लावते."

"हेच लिही," शशिकलाबाई म्हणाल्या. "असंच. ती आत्ता बोलली तसं."

कुंदनताईची गोष्ट कुणाला पसरवावी लागली नाही. ते दोन ड्रायव्हर कळंबोलीतून निघाले तसे एक न्हावा शेव्याला गेला आणि एक पुण्याकडे, आणि वाटेत जिथे-जिथे गाडी थांबली तिथे ती गोष्ट उतरली. चार दिवसांत धर्मराजचा फोन. "वैनी, त्या कुंदनताईचा आयकला! आमच्या बंदरान दोन दिवस कोन दुसरा बोलत नाय. मापं लिवून घ्या, अठ्ठावीस होड्या हान." पळस्प्याचा ट्रकवाला पुन्हा येऊन गेला, आणि या वेळी नेमकं काय वाटलं होतं तेही हसत-हसत सांगून गेला. 'प्रभा' चालू आहे, मालकीण मशिनवर आहे आणि तिच्या वाटेला जाल तर चारचौघांत वाचून दाखवावं लागेल, हे सगळ्या पट्ट्याला कळलं. कळंबोलीचे हमाल कुंदनला रस्त्यात "काय कुंदनताई" म्हणून हाक मारत. तोही "काय गं" म्हणून ओ देई. त्याचाही हंगाम काही वाईट गेला नाही.

पंधरवड्याने कुंदनने स्वतः लिहिलेलं पान आलं, शुद्धलेखन तपासायला. शशिकलाबाईंनी पेन्सिल घेतली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. पण पहिलं वाक्य होतं, 'माझी आई ठिगळं लावते.' आणि पुढे पायरी होती, सात ठिगळं होती, पत्रा कोपऱ्यातच का कापतो ते होतं. वाचता-वाचता त्या चुका दुरुस्त करायच्या विसरल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

"बरं लिहिलं आहे," त्या इराला म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने कबूल केलं, "माझ्यापेक्षा बरं. आपलं पान काढ. एक वाक्य बदलायचं आहे."

इराला कुठलं ते कळलं. सत्यजीत हिशेबाच्या टेबलावरून म्हणाला, "आई, काहीतरीच काय! आपल्या साइटवर दुसऱ्या दुकानाचं नाव? असं कुणी करतं का?"

"कुणी करत नाही म्हणूनच कुणी उचलणार नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. "लिही गं. 'कोपऱ्यांना दुहेरी कापड घालायचं आम्ही कळंबोलीच्या भीमाबाईंकडून शिकलो. त्यांच्या मुलाचंही ताडपत्रीचं दुकान आहे.'"

इराने टाइप केलं. "त्यांचा पत्ता, नंबर देऊ खाली?"

शशिकलाबाईंनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

"नंबर नको," त्या म्हणाल्या. "एवढं ज्याचं त्याने शोधावं."